एक संगणक, अनेक घरे : संकेतस्थळांच्या कामातील आभासी यंत्रांची व्यवस्था

वसतिगृहात आम्ही प्रथम दाखल झालो तेव्हा प्रत्येकाच्या हाती एक पत्र्याची पेटी होती. खोली एकच, मुले बारा; परंतु पेट्या बारा आणि कुलुपेही बारा. एकाच्या पेटीत तेलाची बाटली फुटली तरी शेजाऱ्याच्या वह्या कोरड्या राहत. ही शिस्त आम्हांस कोणी समजावून सांगितल्याचे स्मरत नाही. ती आपोआप अंगवळणी पडली. पुढे संगणकाच्या व्यवसायात शिरल्यावर मात्र आम्हांस तिचा विसर पडला, आणि त्या विसराची किंमत आमच्यापेक्षा इतरांनीच अधिक मोजली. त्या चुकीतून जे शिकलो त्याची मांडणी प्रस्तुत लेखात केली आहे.

आम्ही तिघे या शाळेचे माजी विद्यार्थी. एका तालुक्याच्या गावी संकेतस्थळे तयार करण्याचे व सांभाळण्याचे काम करतो. एक पतसंस्था, दोन शाळा, एक रुग्णालय, बियाण्यांचे एक दुकान आणि मुलामुलींची वसतिगृहे चालवणारी एक संस्था असे आमचे ग्राहक. हाच व्यवसाय करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या धाकट्या भावंडांना या लेखाचा प्रत्यक्ष उपयोग व्हावा. आणि आपली मुले रात्ररात्र संगणकासमोर बसून नेमके काय करतात, असा प्रश्न पडणाऱ्या पालकांनाही त्या कामाची कल्पना यावी, असा आमचा दुहेरी हेतू आहे.

चूक कशी घडली

२०१७ सालच्या जून महिन्यातील गोष्ट. वसतिगृह-प्रवेशाचे अर्ज भरण्याचे संकेतस्थळ आम्ही दोन वर्षांपूर्वी तयार केले होते. ते पीएचपी या भाषेच्या ५.६ या आवृत्तीवर चालत असे. मधल्या काळात दुसऱ्या ग्राहकाच्या कामासाठी आम्ही आमच्या लॅपटॉपवर पीएचपी ७ बसवले. त्या आवृत्तीने डेटाबेसशी बोलण्याच्या जुन्या आज्ञा काढूनच टाकल्या होत्या. परिणामी वसतिगृहाचे संकेतस्थळ आमच्या लॅपटॉपवर चालेनासे झाले. खऱ्या सर्व्हरवर ते सुरळीत चालू होते, म्हणून आम्ही तिकडे दुर्लक्ष केले.

मुदत संपण्यास एक दिवस उरला असता संस्थेचा दूरध्वनी आला : जातीच्या दाखल्याचे छायाचित्र जोडले की अर्ज नाकारला जातो. कारण अगदी साधे होते. पीएचपीमध्ये मुळातच एका फाइलची मर्यादा २ एमबी ठेवलेली असते, आणि नव्या मोबाइलने काढलेले छायाचित्र ती सहज ओलांडते. सेटिंगमध्ये तो आकडा वाढवला असता तर काम भागले असते. परंतु घाईत आम्ही छायाचित्र लहान करणारा नवा मजकूर प्रोग्रॅममध्ये लिहिला. तो लॅपटॉपवर तपासता यावा म्हणून जुन्या आज्ञा बदलल्या, आणि सर्व फाइली थेट सर्व्हरवर चढवल्या. त्यांत एके ठिकाणी दोन प्रश्नचिन्हांचे एक नवे चिन्ह वापरले गेले होते. ते पीएचपी ७ ला समजते, ५.६ ला समजत नाही. आमच्याकडे सर्व ठीक चालले. सर्व्हरवर मात्र कोरे पांढरे पान उमटू लागले.

जुन्या फाइलींची एकमेव प्रत सर्व्हरवरच होती आणि तिच्यावरच आम्ही नव्या फाइली लिहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत संकेतस्थळ बंद राहिले. संस्थेने मुदत दोन दिवस वाढवली, हा तिचा मोठेपणा. तरीही एका मुलीचे वडील दोन दिवसांची मजुरी बुडवून पुन्हा तालुक्याला आले, हे आम्हांस मागाहून कळले. अशाच एका अर्जावर आमचेही शिक्षण उभे राहिले होते. त्या दिवसापासून आम्ही ठरवले : एक काम, एक पेटी.

यंत्राच्या पोटातील यंत्र

ही पेटी म्हणजे आभासी यंत्र. व्यवहारात त्यास व्हर्च्युअल मशीन म्हणतात. एका खऱ्या संगणकावर हायपरव्हायजर नावाचा प्रोग्रॅम बसवतात. तो त्या संगणकाची मेमरी, प्रोसेसर आणि डिस्क यांचे वाटे पाडून अनेक संगणक असल्याचा आभास निर्माण करतो. खऱ्या संगणकास यजमान आणि आतील यंत्रास पाहुणा म्हणण्याचा प्रघात आहे. पाहुण्याच्या दृष्टीने तो स्वतंत्र घरात राहतो : त्याची कार्यप्रणाली वेगळी, त्याचा डेटाबेस वेगळा, त्याची पीएचपी वेगळी. यजमानाच्या दृष्टीने मात्र त्या पाहुण्याची संपूर्ण डिस्क म्हणजे एक मोठी फाइल असते. ती दुसरीकडे नेता येते, तिची प्रत काढता येते, नको असल्यास पुसता येते. हायपरव्हायजर हा जणू वसतिगृहाचा गृहपाल होय. कोणत्या खोलीस किती शिधा, हे तो ठरवतो आणि एका खोलीचा गोंधळ दुसरीत जाऊ देत नाही.

ही कल्पना नवी नाही. १९६० च्या दशकात आयबीएम या कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात तिचा जन्म झाला. तेव्हाचा संगणक खोलीभर मोठा आणि अतिशय महाग. अनेकांना तो एकाच वेळी वापरता यावा आणि प्रत्येकास तो आपल्या एकट्याचाच वाटावा, ही गरज होती. १९७२ साली त्याच कंपनीने व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. कोणत्या प्रोसेसरवर असे आभासी यंत्र नीट उभारता येते, याच्या अटी जेराल्ड पोपेक व रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी १९७४ साली मांडल्या. आपल्या घरातील संगणकांत जे इंटेल पद्धतीचे प्रोसेसर असत, ते या अटींत बसत नव्हते. व्हीएमवेअर या कंपनीने १९९९ साली प्रोग्रॅमच्या चातुर्याने ती अडचण ओलांडली. २००५ व २००६ या वर्षांत इंटेल व एएमडी यांनी प्रोसेसरमध्येच तशी सोय केली. २००७ साली लिनक्सच्या गाभ्यात केव्हीएम आले आणि त्याच वर्षी व्हर्च्युअलबॉक्सही खुले झाले. एके काळी मोठ्या कंपन्यांपुरती असलेली ही सोय अशा रीतीने विनामूल्य आपल्या टेबलावर आली.

व्यवस्थेचे नियम

यंत्र उभारणे कठीण नाही. अनेक यंत्रे नीट ठेवणे कठीण आहे. पहिल्या वर्षी आमच्याकडे ‘नवीन’, ‘नवीन दोन’ आणि ‘शेवटचे नक्की’ अशा नावांची अकरा यंत्रे जमली आणि कोणते कोणाचे हे कोणासही सांगता येईना. त्यानंतर जे नियम आम्ही पाळू लागलो ते पुढीलप्रमाणे.

पहिला नियम नावाचा व नोंदीचा. प्रत्येक यंत्राच्या नावात ग्राहक, काम आणि हेतू या तीन गोष्टी याव्यात, उदाहरणार्थ ‘वसतिगृह-प्रवेश-सराव’. यासोबत एक साधी नोंदवही ठेवावी. तीत कार्यप्रणालीची, भाषेची व डेटाबेसची आवृत्ती, दिलेली मेमरी, यंत्राचा पत्ता, त्याचा जबाबदार माणूस आणि ते शेवटचे केव्हा उघडले तो दिनांक लिहावा. सहा महिने न उघडलेल्या यंत्राविषयी ग्राहकास विचारावे. गरज संपली असल्यास त्याची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर ठेवून यंत्र काढून टाकावे.

दुसरा नियम जुळणीचा. सरावाचे यंत्र आपल्या आवडीचे नसावे. ते खऱ्या सर्व्हरचे जुळे भावंड असावे. सर्व्हरवर उबुंटू २२.०४ असेल तर यंत्रावरही तेच. तेथे पीएचपी ५.६ असेल तर येथेही ५.६. आमच्या चुकीचे मूळ नेमके येथे होते. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्त्या दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येतात आणि त्यांना पाच वर्षे नियमित दुरुस्त्या मिळतात. ग्राहकाची आवृत्ती मुदतीबाहेर जात असल्यास त्यास वेळीच कळवणे हाही आपल्या कामाचा भाग आहे.

तिसरा नियम साच्याचा. प्रत्येक वेळी शून्यातून कार्यप्रणाली बसवण्याऐवजी एक स्वच्छ मूळ यंत्र तयार करावे आणि त्याच्या प्रती काढाव्यात. प्रत दोन प्रकारची असते. पूर्ण प्रत जागा अधिक घेते, परंतु स्वतंत्र असते. जोडलेली प्रत केवळ फरक तेवढा साठवते, म्हणून ती लहान असते. मात्र मूळ यंत्र पुसले की तिच्यावर आधारलेल्या सर्व प्रती निकामी होतात. दीर्घकाळ चालणाऱ्या कामास पूर्ण प्रत, दोन दिवसांच्या प्रयोगास जोडलेली प्रत, असा विवेक ठेवावा. प्रत काढल्यावर यंत्राचे नाव आणि त्याच्या सुरक्षित प्रवेशाच्या किल्ल्या बदलण्यास विसरू नये. अन्यथा साऱ्या भावंडांची ओळखपत्रे एकसारखी राहतात.

चौथा नियम शिध्याचा. मेमरी ही आभासी नसते. ती यजमानाच्या ताटातूनच वाढावी लागते. ८ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवर निम्मी यजमानासाठी राखावी. उबुंटूची खिडक्या-चित्रांविना चालणारी सर्व्हर आवृत्ती लहान संकेतस्थळासाठी १ जीबीमध्ये चालते. म्हणजे अशी दोन-तीन यंत्रे एकाच वेळी सुखाने नांदतात. यंत्रे दहा असली तरी हरकत नाही, सर्व एकदम चालू करू नयेत. डिस्कचीही एक गंमत ध्यानात ठेवावी. २० जीबीची मर्यादा दिलेली वाढती डिस्क आरंभी थोडीच जागा घेते. पुढे फुगत जाते आणि आतील फाइली पुसल्या तरी आपोआप आक्रसत नाही. यंत्र सुरूच होत नसेल तर प्रथम संगणकाच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय बंद तर नाही ना, हे पाहावे. अनेकांचा पहिला दिवस तेथेच वाया जातो.

पाचवा नियम पत्त्याचा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये आम्ही प्रत्येक यंत्रास जाळ्याची दोन दारे देतो. एका दाराने यंत्र बाहेरच्या इंटरनेटवर जाते. दुसरे दार केवळ यजमानाकडे उघडते. या दुसऱ्या दारावर कायमचा क्रमांक असावा. व्हर्च्युअलबॉक्सचे यजमानापुरते जाळे मुळात १९२.१६८.५६ या मालिकेत असते. तेव्हा पतसंस्थेस १९२.१६८.५६.११, रुग्णालयास १९२.१६८.५६.१२ असे खोली क्रमांक देऊन ते नोंदवहीत लिहावेत. यजमानाच्या होस्ट्स फाइलमध्ये त्या क्रमांकांना नावे दिली म्हणजे आकडे पाठ करावे लागत नाहीत. नावाच्या शेवटी ‘डॉट टेस्ट’ वापरावे. हा शेवट १९९९ सालापासून चाचणीसाठीच राखून ठेवला आहे. तो जगात कोणासही विकला जात नाही. पूर्वी अनेक जण ‘डॉट डेव्ह’ वापरत. तो गूगलच्या ताब्यातील खरा शेवट निघाला, आणि २०१७ च्या डिसेंबरात क्रोम ब्राउझरने त्यास सुरक्षित जोडणीची सक्ती केल्यावर त्यांची सरावाची पाने एका रात्रीत उघडेनाशी झाली.

सहावा नियम सर्वांत महत्त्वाचा : यंत्रात असे काहीही ठेवू नये, जे दुसरीकडे नाही. प्रोग्रॅमचा मजकूर गिटच्या भांडारात असावा, म्हणजे प्रत्येक बदलाचा दिनांक, कर्ता आणि आधीचे रूप हाती राहते. २०१७ साली आम्ही एवढेच केले असते तरी जुन्या फाइली पाच मिनिटांत परत आल्या असत्या. डेटाबेसची प्रत रोज यंत्राबाहेर काढावी. येथे स्नॅपशॉटविषयी सावध करणे अगत्याचे आहे. स्नॅपशॉट म्हणजे यंत्राच्या त्या क्षणीच्या स्थितीची खूण. मोठा बदल करण्यापूर्वी ती काढावी आणि बिघडल्यास मागे यावे. परंतु ती राखीव प्रत नव्हे. ती त्याच डिस्कवर असते. डिस्क गेली की खूणही गेली. शिवाय खुणांची साखळी लांबली की जागा भरत जाते. काम निभावल्यावर आठवड्याच्या आत आम्ही ती काढून टाकतो.

सातवा नियम कृतीचा. येथे कृती हा शब्द आम्ही स्वयंपाकातील अर्थाने वापरत आहोत. यंत्र कसे बनवले हे एखाद्याच्या डोक्यात राहिले तर तो माणूस आजारी पडला की कामही आजारी पडते. २०१० साली आलेल्या व्हॅग्रंट या साधनात ती कृती एका लहान फाइलमध्ये लिहिता येते : कोणता साचा, किती मेमरी, कोणता पत्ता, कोणते प्रोग्रॅम बसवायचे. मग ‘व्हॅग्रंट अप’ एवढी एक आज्ञा दिली की यंत्र उभे राहते. अनेक जीबींचे यंत्र जपण्यापेक्षा एक पानाची कृती जपणे सोपे. ती गिटमध्ये प्रोग्रॅमच्या शेजारीच ठेवावी, म्हणजे काम आणि त्याचे घर यांची ताटातूट होत नाही.

आठवा नियम विश्वासाचा. खऱ्या अर्जदारांची माहिती सरावाच्या यंत्रात आणू नये. आधार क्रमांक, जातीचे दाखले, रुग्णांच्या नोंदी या आपल्या नव्हेत. त्या आपल्याकडे विश्वासाने आल्या आहेत. लॅपटॉप बसमध्ये विसरला तर केवळ आपलेच नुकसान व्हावे, शेकडो कुटुंबांचे नव्हे. सरावासाठी बनावट नावे, बनावट क्रमांक भरावेत. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा आपल्या देशात २०२३ साली संमत झाला. परंतु ही जबाबदारी कायद्याच्याही आधीची आहे.

मर्यादा आणि पर्याय

आभासी यंत्र हाच एकमेव मार्ग आहे असे आमचे म्हणणे नाही. २०१३ साली डॉकर आल्यापासून कंटेनरची पद्धत रूढ झाली. कंटेनरांत प्रत्येकास स्वतंत्र कार्यप्रणाली नसते; सर्व जण एकाच लिनक्सचा गाभा वाटून घेतात. त्यामुळे ते क्षणात सुरू होतात आणि मेमरीही थोडी घेतात. एकाच जातकुळीची दहा संकेतस्थळे असतील तर तेच सोयीचे. परंतु संपूर्ण सर्व्हरच हुबेहूब उभा करायचा असेल, गाभ्याची आवृत्तीच वेगळी हवी असेल किंवा विंडोज हवे असेल, तर आभासी यंत्रास पर्याय नाही. आम्ही दोन्ही वापरतो. अनेकदा यंत्राच्या आत कंटेनर ठेवतो. अ‍ॅपलच्या २०२० नंतरच्या नव्या जातीच्या प्रोसेसरवर इंटेलसाठी बनवलेली यंत्रे थेट चालत नाहीत, हेही खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे.

कसोटी

आपली व्यवस्था खरी की कागदावरची, हे पाहण्याची एकच रीत आम्हांस ठाऊक आहे : यंत्र मुद्दाम पुसावे आणि ज्याने ते बनवले नाही त्याला पुन्हा उभारण्यास सांगावे. आम्ही हे महिन्यातून एकदा करतो. पहिल्या खेपेस पूर्ण दिवस गेला आणि वर एक दोष उघडकीस आला. यंत्राचे घड्याळ भारतीय वेळेवर लावण्याची पायरी कृतीत लिहिलीच नव्हती. जागतिक वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असल्याने सायंकाळी ५ वाजता बंद व्हायचा अर्ज रात्री साडेदहापर्यंत उघडा राहिला असता. ती ओळ आता कृतीत आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे शिकाऊ म्हणून आलेल्या, याच शाळेच्या एका मुलीने वसतिगृह-प्रवेशाचे यंत्र कोणासही न विचारता तासाभरात उभारले. छायाचित्राची मर्यादा तिने प्रथम तेथे तपासली, मग सर्व्हरवर बदलली.

शेवटी शाळेच्या संगणककक्षाविषयी एक नम्र सूचना. आमच्या वेळी संगणक मोजके होते आणि मुले पुष्कळ. बिघडेल या धाकाने आम्ही बोट लावण्यासही कचरत असू. आणि जो बिघडवण्यास भितो तो शिकत नाही. आता ८ जीबी मेमरीच्या साध्या संगणकावरही प्रत्येक मुलास स्वतःचे यंत्र देता येते. त्याने ते हवे तसे मोडावे, पुसावे, पुन्हा उभारावे. खऱ्या संगणकास ओरखडाही उमटणार नाही. नव्या मुलांच्या हाती पत्र्याची पेटी देताना ही दुसरीही पेटी द्यावी, असे आम्हांस वाटते. शाळेने वेळ ठरवावी. साचा आणि कृतीचे पान घेऊन आम्ही तिघेही येऊ.